कोणती कॉन्फरन्स भारी? कॉलेज बास्केटबॉलमधली ताकद मोजायची नीट रीत

मार्च उजाडला की एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेची बास्केटबॉल स्पर्धा येते, आणि अमेरिकेतल्या ऑफिसांत ब्रॅकेट, म्हणजे कोण कुणाला हरवणार याच्या अंदाजांचा तक्ता, भरायला घेतात. तिकडे शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही वाद पेटतो: यंदा एसईसी भारी की बिग टेन? ही दोन कॉन्फरन्सची, म्हणजे हंगामभर आपसात खेळणाऱ्या विद्यापीठ संघांच्या गटांची, नावं. वादाला ना नाही, पण उत्तर काढायची रीत बहुतेकांची चुकते. कुणी एनसीएए स्पर्धेत गेलेले संघ मोजतो, कुणी विजेता कुठल्या कॉन्फरन्सचा एवढंच पाहतो, तर कुणी एका धक्कादायक निकालावरून अख्खी कॉन्फरन्स निकालात काढतो. तिन्ही मोजमापं अपुरी आहेत, आणि ती का अपुरी हे पुढच्या पायऱ्यांत येईलच.

इथे डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या स्तरावरच्या, पुरुषांच्या खेळाचे दाखले घेतले आहेत. महिलांच्या खेळालाही हीच रीत लागू पडते, आकडे मात्र त्यांचेच घ्यायचे. साहित्य म्हणाल तर एक स्प्रेडशीट आणि हंगामाचं पूर्ण वेळापत्रक निकालांसकट. क्रम मात्र मोडू नका. बऱ्याच चुका चौथ्या पायरीचं काम पहिल्यांदा केल्यामुळे होतात.

## १. आधी प्रश्न पक्का करा

"कॉन्फरन्स भारी आहे" असं म्हणताना माणसं तीन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. तिथला मधला संघ किती चांगला? वरचे दोन-चार संघ किती चांगले? आणि तळाचे संघ इतके कच्चे आहेत का, की वरच्यांना अधूनमधून आरामाची रात्र मिळते? तिन्हींची उत्तरं एकाच हंगामात वेगवेगळी निघू शकतात.

२०२४ चा मार्च आठवा. माउंटन वेस्टचे सहा संघ एनसीएए स्पर्धेत गेले, बिग ईस्टचे फक्त तीन. नुसतं मोजलं तर माउंटन वेस्ट दुप्पट भारी. पण बिग ईस्टचे तिन्ही संघ, म्हणजे यूकॉन, मार्केट (Marquette विद्यापीठ) आणि क्रेटन, शेवटच्या सोळांत पोचले आणि यूकॉन विजेता ठरला. माउंटन वेस्टच्या सहांपैकी एकटा सॅन डिएगो स्टेट सोळांत गेला, आणि तिथे त्याला यूकॉननेच ५२ गुणांवर रोखून ३० गुणांनी हरवलं.

मग बिग ईस्ट भारी म्हणायची? वरच्या तिघांपुरतं म्हणा, खुशाल म्हणा. मधल्या संघांबद्दल या निकालांतून काहीच कळत नाही, कारण बिग ईस्टचे मधले संघ त्या स्पर्धेत खेळलेच नाहीत.

म्हणून कागदावर सर्वांत वर एक वाक्य लिहा: "मी … हंगामातल्या … या दोन कॉन्फरन्समधल्या मधल्या (किंवा वरच्या चार) संघांची ताकद तुलनेला घेतो आहे." बाकीचं काम या वाक्याशी इमान राखून करायचं.

तपासा: वाक्यात हंगाम आहे का? "बिग टेन नेहमीच ओव्हररेटेड" हे मत झालं, ते मोजता येत नाही.

## २. सदस्यांची यादी त्याच हंगामाची घ्या

ही पायरी पाच मिनिटांची आहे, आणि तरीही सगळ्यांत जास्त लोक हीच गाळतात. कॉन्फरन्सचं नाव जुनं राहतं, आतली माणसं बदलतात. २०२३ मध्ये बीवायू, सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि यूसीएफ बिग ट्वेल्व्हमध्ये आले. २०२४ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा तिथून उठून एसईसीत गेले. त्याच वर्षी पॅक-ट्वेल्व्ह फुटली: यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट, कोलोरॅडो आणि यूटा बिग ट्वेल्व्हमध्ये, स्टॅनफर्ड आणि कॅल थेट एसीसीत. म्हणजे प्रशांत महासागराकाठचे संघ 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्सचे सदस्य झाले. नावावर जाऊ नका ते यासाठीच.

२०२४-२५ मध्ये बिग टेन आणि एसीसीत प्रत्येकी १८ संघ होते, एसईसी आणि बिग ट्वेल्व्हमध्ये १६. पॅक-ट्वेल्व्हमध्ये उरलेले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट बास्केटबॉल वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळत होते. त्यांना पॅक-ट्वेल्व्हच्या खात्यावर टाकलंत तर दोन संघांची एक कॉन्फरन्स तयार होईल आणि वेस्ट कोस्टचे आकडे बिघडतील.

सावधान: तयार वेबसाइटवरून जुने हंगाम उतरवताना संघापुढे आजची कॉन्फरन्स चिकटलेली असू शकते. दोन-तीन ओळखीचे संघ हातानं तपासा. २०११ च्या हंगामात सिरॅक्यूज, लुईव्हिल आणि पिट्सबर्ग बिग ईस्टमध्येच दिसले पाहिजेत. ते एसीसीत दिसत असतील तर फाइल चुकीची आहे.

## ३. सामन्यांचे दोन ढीग करा

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

कॉन्फरन्सअंतर्गत प्रत्येक सामन्यात एक जिंकतो आणि एक हरतो. २०२४-२५ च्या एसईसीत १६ संघ प्रत्येकी १८ अंतर्गत सामने खेळले; एकूण १४४ सामने, १४४ विजय, १४४ पराभव. कॉन्फरन्स जगातली सर्वोत्तम असो नाहीतर सर्वांत कच्ची, हा हिशेब पन्नास टक्क्यांवरच येणार. त्यामुळे "आमच्याकडे कुणीही कुणालाही हरवतं, एवढी चुरस आहे" या वाक्यावरून संघ एकमेकांच्या जवळपासचे आहेत एवढंच कळतं. ते सगळे चांगले आहेत की सगळे सुमार, हे त्यातून कळत नाही. रणजीच्या प्लेट गटात पाच संघ शेवटच्या फेरीपर्यंत झुंजले म्हणून तो गट एलिटपेक्षा भारी ठरत नाही, तसंच हे.

म्हणून दोन ढीग. पहिल्यात अंतर्गत सामने. ते कॉन्फरन्सच्या आत कोण वर, कोण खाली हे ठरवायला लागतात. दुसऱ्यात कॉन्फरन्सबाहेरचे सामने. दोन कॉन्फरन्स एकमेकींच्या तुलनेत कुठे बसतात, हे सांगणारा सगळा पुरावा फक्त या दुसऱ्या ढिगात असतो.

ओक्लाहोमाचं २०२४-२५ बघा. कॉन्फरन्सबाहेरचे १३ च्या १३ सामने जिंकले. मग एसईसीत ६ विजय, १२ पराभव. जानेवारी लागला म्हणून संघ एकाएकी बिघडत नसतो. बाहेरच्या तेरा सामन्यांवरून हा संघ काय तोलाचा आहे ते कळलं, आणि आतल्या बारा पराभवांवरून एसईसीचा मध्य किती उंचावर आहे याचा अंदाज आला. पण हा अंदाज करता आला तो बाहेरचे तेरा सामने हाताशी होते म्हणूनच. नुसतं ६-१२ पाहणारा ओक्लाहोमाला कच्चा संघ म्हणून मोकळा झाला असता. एनसीएए स्पर्धेचे संघ ठरवणाऱ्या निवड समितीने त्याला नववं सीड, म्हणजे नववं मानांकन, दिलं.

तपासा: पहिल्या ढिगातले एकूण विजय आणि एकूण पराभव समान आले पाहिजेत. नसतील तर एखादा सामना दोनदा उतरला आहे, किंवा बाहेरचा सामना आत घुसला आहे. नोव्हेंबरमध्ये कधीकधी एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ आमंत्रितांच्या स्पर्धेत समोरासमोर येतात; तो सामना अधिकृत गुणतक्त्यात धरत नाहीत, पण तुमच्या हिशेबात त्याची जागा पहिल्याच ढिगात.

## ४. बाहेरच्या सामन्यांना गाळणी लावा

दुसऱ्या ढिगातला प्रत्येक सामना कामाचा नसतो. आधी डिव्हिजन वनबाहेरच्या संघांविरुद्धचे सामने काढून टाका. अनेक संघ वर्षाला एक-दोन असे सामने लावतात आणि ते निकालपत्रकात इतर विजयांसारखेच दिसतात. सराव सामनेही वगळा.

मग प्रत्येक सामन्यापुढे जागा लिहा: घर, बाहेर, तटस्थ. इथे आळस करू नका. मोठ्या कॉन्फरन्सचे संघ नोव्हेंबर-डिसेंबरात छोट्या विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. याला 'बाय गेम' म्हणतात. छोट्या विद्यापीठाचा क्रीडा विभाग त्या पैशावर बऱ्यापैकी चालतो, मोठ्याच्या खात्यावर विजय जमा होतो, आणि दोघंही खुश असतात. तुमच्या दृष्टीने मात्र तो एकतर्फी पुरावा आहे: नेहमी घरी, नेहमी कमजोर प्रतिस्पर्धी.

त्यामुळे बाहेरची नुसती जय-पराजय टक्केवारी फसवी असते. २०२४-२५ मध्ये एसईसीने कॉन्फरन्सबाहेर १८५ सामने जिंकले, २३ हरले. आकडा दणदणीत आहे, पण त्यात बाय गेम भरपूर आहेत. त्याच हंगामात एसीसीशी ठरवून खेळवलेल्या चॅलेंजमध्ये एसईसी १४-२ नं जिंकली. माझ्या मते १८५ पेक्षा ह्या १४ विजयांचं वजन जास्त, कारण समोर तोलामोलाची समजली जाणारी कॉन्फरन्स होती आणि सामने दोन्हीकडच्या मैदानांवर वाटलेले होते.

'तटस्थ' शिक्क्यावरही डोळे मिटून विश्वास नको. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये यूकॉन, किंवा कॅन्सस सिटीत कॅन्सस, हे नावापुरतंच तटस्थ. माउईच्या किंवा बहामाजच्या स्पर्धा खऱ्या अर्थानं तटस्थ. तिथे दोघांनाही विमानानंच जावं लागतं. अर्धवट तटस्थ सामन्यांना मी घरच्या फायद्याचा निम्मा भाग लावतो. तुम्ही वेगळं ठरवा हवं तर, पण एकदा ठरवलं की सगळ्यांना तेच.

तपासा: तुमच्या तक्त्यात किमान हे रकाने हवेत: तारीख, संघ, त्याची कॉन्फरन्स, प्रतिस्पर्धी, त्याची कॉन्फरन्स, जागा, दोघांचे गुण, पझेशन (संघाला चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला).

## ५. प्रत्येक सामन्याचं मोल काढा

कोण जिंकलं यापेक्षा कितीनं, कुठे आणि कुणाविरुद्ध, हे महत्त्वाचं. त्यासाठी तीन दुरुस्त्या, आणि त्या याच क्रमानं.

५.१ पझेशन. काही संघ धावतात, काही संघ घड्याळ संपवत खेळतात. म्हणून गुणफरक दर १०० पझेशनमागे काढायचा. पझेशनचा अंदाज बॉक्स स्कोअरवरून, म्हणजे सामन्याच्या आकडेपत्रकावरून, येतो: फील्ड गोलचे (चालू खेळातल्या बास्केटचे) प्रयत्न, वजा आक्रमक रिबाउंड (आपलीच हुकलेली फेक परत मिळवणं), अधिक टर्नओव्हर (ताबा गमावणं), अधिक फ्री थ्रोच्या (फाउलनंतरच्या मोफत फेकीच्या) प्रयत्नांची ०.४७५ पट. समजा ५८ प्रयत्न, १० आक्रमक रिबाउंड, १२ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो: ५८ − १० + १२ + ९.५ = ६९.५. दोन्ही संघांचा आकडा काढून सरासरी घ्या. दोहोंत दोन-तीनपेक्षा जास्त अंतर आलं तर बॉक्स स्कोअर उतरवताना चूक झाली आहे. ६८ पझेशनच्या सामन्यात १७ गुणांनी विजय म्हणजे दर १०० मागे २५.

एनबीएच्या लेखांत ०.४४ हा गुणक दिसतो. कॉलेजच्या खेळाला तो लावू नका.

५.२ मैदान. घरच्या मैदानाचा फायदा साधारण ३ गुणांचा धरतात; ६८ पझेशनच्या सामन्यात दर १०० मागे तो साडेचारच्या आसपास जातो. घरी खेळलेल्या संघाच्या फरकातून तेवढे वजा, बाहेर खेळलेल्याला तेवढे जमा. सगळी मैदानं सारखी नसतात हे खरं. वायोमिंगचं लॅरमी ७,२०० फुटांवर आहे आणि तिथे पाहुण्यांना दम लागतोच. पण प्रत्येक मैदानाचा वेगळा आकडा काढायच्या नादाला लागू नका. एका हंगामातल्या घरच्या पंधराएक सामन्यांवरून तो धड निघत नाही.

५.३ प्रतिस्पर्धी. आता प्रतिस्पर्ध्याचा दर्जा मिळवायचा. दर्जा म्हणजे देशातल्या सरासरी संघाच्या तुलनेत तो किती वर किंवा खाली, दर १०० पझेशनमागे.

दोन सामने शेजारी ठेवून बघू, आकडे समजुतीसाठी. पहिला संघ घरी २५ नं जिंकला, प्रतिस्पर्ध्याचा दर्जा −१५. मोल: २५ − ४.५ − १५ = ५.५. दुसरा संघ बाहेर ६ नं हरला, प्रतिस्पर्ध्याचा दर्जा +१८. मोल: −६ + ४.५ + १८ = १६.५. हरलेल्या संघाचं मोल जिंकलेल्याच्या तिप्पट आलं. जय-पराजयाच्या तक्त्यात हे कधीच दिसलं नसतं.

प्रतिस्पर्ध्याचा दर्जा आणायचा कुठून? सोपा मार्ग: बार्ट टॉर्विकच्या साइटवर सगळ्या संघांची दुरुस्त आक्रमण आणि बचाव कार्यक्षमता (दर १०० पझेशनमागे केलेले आणि दिलेले गुण, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा धरून) फुकट मिळते, पहिल्यातून दुसरी वजा केली की दर्जा. केन पोमेरॉयच्या केनपॉमवर हाच आकडा तयार मिळतो, तपशिलांना पैसे पडतात.

कष्टाचा मार्ग: स्वतः सोडवा. डिव्हिजन वनमध्ये २०२४-२५ साली ३६४ संघ होते, तेव्हा साडेपाच हजारांच्या आसपास सामने भरावे लागतील, दोन्ही ढिगांतले. सगळ्यांचा दर्जा शून्य धरा. प्रत्येक संघाच्या सामन्यांच्या मोलाची सरासरी काढा. तो त्याचा नवा दर्जा. नव्या दर्जांवर पुन्हा तेच. प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांची सरासरी शून्यावर आणा. आकडे हलायचे थांबले की थांबा.

सावधान: एकक मिसळू नका. प्रतिस्पर्ध्याचा दर्जा १०० पझेशनमागचा आणि सामन्याचा फरक मात्र थेट गुणांत, ही सर्रास होणारी चूक आहे, आणि ती पटकन दिसत नाही कारण उत्तर "बरोबर वाटतं".

सावधान: पन्नास गुणांच्या एकतर्फी सामन्यांनी आकडे फुगतात. त्यावर सरसकट २५ ची मर्यादा घातली तर उलटा अन्याय होतो, कारण +२५ च्या संघाकडून −२० च्या संघाविरुद्ध घरी पन्नासच अपेक्षित असतात. त्यापेक्षा ज्या सामन्यांत अपेक्षित फरक ३० च्या वर आहे ते वगळून हिशेब दुसऱ्यांदा करा. क्रम तोच राहिला तर निश्चिंत व्हा. बदलला, तर कुणीतरी कमजोरांवर हात साफ करून घेतला आहे.

## ६. संघांवरून कॉन्फरन्सचा एक आकडा

इथे हात सरळ सरासरीकडे जातो. जाऊ देऊ नका. समजुतीसाठी आठ-आठ संघांच्या दोन कॉन्फरन्स घ्या.

अ: +२८, +६, +४, +२, ०, −३, −५, −८
ब: +१०, +८, +५, +३, +२, +१, −१, −४

दोहोंची बेरीज २४, सरासरी ३. सरासरीच्या हिशेबानं बरोबरी. मध्यक काढा, म्हणजे ओळीनं लावून मधल्या दोघांचा मध्य: अ चा १, ब चा २.५. वरचा एक संघ बाजूला ठेवून सरासरी काढा: अ शून्याच्याही खाली जाते, ब २ वर राहते. म्हणजे अ मध्ये एक वाघ आहे आणि बाकी सगळे जेमतेम. खऱ्या जगात गोंझागाच्या काळातली वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स बरीचशी अशी होती. २०२०-२१ मध्ये गोंझागा अंतिम सामन्यापर्यंत अपराजित होता (तिथे बेलरनं ८६-७० असं हरवलं), पण त्यावरून त्या कॉन्फरन्समधल्या सहाव्या संघाबद्दल काही कळत नव्हतं.

माझी पसंती आणखी एका रीतीला, जी केनपॉमही वापरतं: त्या कॉन्फरन्समध्ये सगळ्यांशी खेळून निम्मे सामने जिंकायला किती दर्जाचा संघ लागेल? तोच कॉन्फरन्सचा आकडा. या रीतीत वाघाचा परिणाम आपोआप मर्यादित राहतो. त्याच्याशी पराभव जवळजवळ ठरलेला. तो +२८ असो की +३८, निम्मे सामने जिंकायला लागणारा दर्जा फारसा हलत नाही. स्प्रेडशीटमध्ये हे जमत नसेल तर मध्यक वापरा, काम भागतं.

पहिल्या पायरीतलं वाक्य आता पुन्हा वाचा. प्रश्न "वरचे चार" असा होता तर मध्यक निरुपयोगी. वरच्या चारांची सरासरी काढा आणि तेवढंच बोला. कॉन्फरन्सची संघसंख्या वेगळी असेल तर 'वरचे चार' की 'वरचा चतुर्थांश' हेही आधीच ठरवायला हवं. १८ पैकी चार निवडणं आणि ११ पैकी चार निवडणं, यात मोठ्या कॉन्फरन्सला आयता फायदा मिळतो.

## ७. तयार रँकिंगशी ताडून पाहा, पण काय ताडता ते जाणून

एनसीएएची निवड समिती २०१८-१९ पासून नेट नावाची संघांची क्रमवारी वापरते. त्याआधी आरपीआय नावाची क्रमवारी होती. आरपीआयमध्ये स्वतःच्या जय-पराजयाला २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला ५० टक्के आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्याला २५ टक्के वजन असायचं. गुणफरक कुठेच नाही. २०१८ च्या आधीच्या हंगामांची तुलना करताना आरपीआयचे आकडे सापडतील. त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका.

क्वाड्रंटचा, म्हणजे प्रतिस्पर्धी आणि मैदान पाहून केलेल्या सामन्यांच्या चार वर्गांचा, घोळ फार होतो. क्वाड वन म्हणजे घरी नेटमधल्या पहिल्या ३० पैकी, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० पैकी किंवा बाहेर पहिल्या ७५ पैकी संघाशी सामना. कॉन्फरन्सचे क्वाड वन विजय मोजून तिची ताकद सांगणारे लोक एक गोष्ट विसरतात: कॉन्फरन्समधले सगळेच संघ वर असतील तर जानेवारीनंतरचा जवळजवळ प्रत्येक अंतर्गत सामना क्वाड वन ठरतो. कुणीतरी तो जिंकणारच. ज्या ताकदीचा पुरावा आपण शोधतोय तीच गृहीत धरून मिळालेले हे विजय आहेत. मोजायचेच तर फक्त कॉन्फरन्सबाहेरचे मोजा.

२०२४-२५ पासून समितीच्या कागदांवर 'विन्स अबव्ह बबल' हाही आकडा आला: स्पर्धेच्या उंबरठ्यावरच्या संघानं हेच वेळापत्रक खेळून जितके सामने जिंकले असते, त्यापेक्षा या संघानं किती जास्त जिंकले. एखाद्या संघाची कमाई मोजायला तो उत्तम, पण कॉन्फरन्सची ताकद त्यातून काढू नका.

सावधान: नोव्हेंबर-डिसेंबरात केनपॉम आणि टॉर्विकच्या आकड्यांत हंगामापूर्वीचे अंदाज मिसळलेले असतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात "कॉन्फरन्स रँकिंग बघा" म्हणणारा बराचसा गेल्या वर्षाचाच पुरावा देत असतो. उलट जानेवारी लागल्यावर बाहेरचे सामने जवळपास संपतात आणि कॉन्फरन्सचे आकडे गोठल्यासारखे होतात. तुलना करायला नववर्षानंतरचा पहिला आठवडा सगळ्यांत सोयीचा.

## ८. मार्चला किती वजन द्यायचं

कमी. लोक देतात त्यापेक्षा बरंच कमी.

एनसीएए स्पर्धेत प्रत्येक फेरी एकाच सामन्याची असते, हरला की घरी. २०१८ मध्ये यूएमबीसीनं अव्वल सीड व्हर्जिनियाला ७४-५४ हरवलं, २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सननं पर्ड्यूला ६३-५८. त्यावरून अमेरिका ईस्ट एसीसीपेक्षा किंवा नॉर्थईस्ट कॉन्फरन्स बिग टेनपेक्षा भारी ठरली नाही.

दुसरा सापळा जास्त चिवट. मार्चमध्येही एकाच कॉन्फरन्सचे संघ भिडतात. २०११ मध्ये बिग ईस्टचे ११ संघ स्पर्धेत होते, तेव्हाचा विक्रम. शेवटच्या सोळांत पोचले दोनच, यूकॉन आणि मार्केट. आणि तेही त्याआधीच्या फेरीत आपल्याच कॉन्फरन्सच्या सिनसिनाटीला आणि सिरॅक्यूजला हरवून. २०२५ मध्ये एसईसीनं १६ पैकी १४ संघ पाठवून तो विक्रम मोडला, सात संघ सोळांत गेले, फ्लोरिडानं अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ६५-६३ असं नमवलं. पण टेनेसीनं केंटकीला आणि फ्लोरिडानं ऑबर्नला हरवलं, ते विजय एसईसीच्या खात्यावर मोजता येत नाहीत. तितकेच पराभवही त्याच खात्यात पडले.

म्हणून मार्चचे निकालही तिसऱ्या पायरीच्या गाळणीतून काढा. जे बाहेरचे उरतील ते बाकीच्या सामन्यांइतक्याच वजनानं तक्त्यात घाला. ना जास्त, ना कमी.

तपासा: "किती संघ गेले" हा आकडा तुमच्या निष्कर्षात कुठे घुसला आहे का? २०२४-२५ मध्ये ६८ पैकी ३१ जागा कॉन्फरन्स विजेत्यांच्या होत्या, ३७ समितीच्या मर्जीच्या. कॉन्फरन्स स्पर्धांत अनपेक्षित विजेते निघाले की सीमेवरच्या संघांच्या जागा जातात, आणि त्यात त्यांच्या कॉन्फरन्सचा काही दोष नसतो.

## ९. किती ठामपणे बोलायचं ते ठरवा

उत्तर आलं की लगेच ग्रुपवर टाकायचा मोह होतो. त्याआधी दोन कॉन्फरन्समध्ये थेट किती सामने झाले ते मोजा. एसईसी-एसीसी चॅलेंजसारखे सोळा सामने हाताशी असतील तर बोला बिनधास्त. दोनच झाले असतील तर तुमचा आकडा तिसऱ्या-चौथ्या कॉन्फरन्समार्फत फिरून आलेला आहे. तो चुकीचाच असेल असं नाही, पण डळमळीत असतो.

याचा धडा २०२०-२१ मध्ये मिळाला. कोविडमुळे हंगाम २५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि बाहेरचे सामने कापले गेले. बिग टेन सर्वांत भारी म्हणून गाजत होती, नऊ संघ स्पर्धेत गेले. सोळांत पोचला एकटा मिशिगन. पॅक-ट्वेल्व्हचे पाच गेले, चार सोळांत पोचले, आणि यूसीएलए तर 'फर्स्ट फोर'मधून, म्हणजे मुख्य फेरीआधीच्या पात्रता सामन्यांतून, निघून थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला. नशिबाचा वाटा होताच, एका मार्चवरून बिग टेनला खोटं ठरवता येत नाही हे आठव्या पायरीत आलं. पण दोन कॉन्फरन्सना जोडणारे धागेच त्या वर्षी इतके तुटपुंजे होते की मार्चच्या आधी कुणालाच एवढ्या ठामपणे बोलायला नको होतं.

मी स्वतः दर १०० पझेशनमागे १ पेक्षा कमी फरक आला तर "बरोबरी" लिहितो. १ ते ३ असेल तर "थोडी वरचढ". ३ च्या वर गेला, आणि एकतर्फी सामने वगळूनही टिकला, तरच "भारी".

दुखापतींचं एक बघा. एखाद्या संघाचा मुख्य खेळाडू डिसेंबरात बाहेर होता आणि जानेवारीत परतला, तर बाहेरच्या सामन्यांवरून आलेला दर्जा त्या संघाला अन्यायकारक असतो. एका संघानं कॉन्फरन्सचा मध्यक फारसा हलत नाही. 'वरचे चार' असा प्रश्न असेल तर मात्र हलतो; तेव्हा अशा संघापुढे खूण करा आणि त्याच्यासकट एक, त्याच्याशिवाय एक असे दोन आकडे द्या.

## वेळ नसेल तर

ब्रॅकेट उद्या सकाळी द्यायचं आहे आणि हे सगळं करायला सवड नाही, तर एवढं करा. टॉर्विकच्या साइटवर दोन्ही कॉन्फरन्सच्या संघांचे दर्जे काढून ओळीनं लावा. मध्यक आणि वरच्या चारांची सरासरी लिहा. मग वेळापत्रकातून त्या दोन कॉन्फरन्सचे आपापसातले सामने शोधा, घर-बाहेर बघून गुणफरकाची बेरीज करा. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर ते धरून चला. वेगवेगळं आलं तर त्या दोन कॉन्फरन्सच्या संघांत सामना पडेल तिथे कॉन्फरन्सचं नाव विसरून फक्त दोन संघांचे दर्जे बघून निवड करा.